उद्याची खिरापत आमची

सांगलीहून निघताना आमच्या ह्यांनी फलाटावर एकच अट घातली. "ज्या गावात आपलं म्हणावं असं घर नाही, तिथं मीनाला ठेवायचं नाही. रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दोघी परत या."

मीनाचं नाव प्रतीक्षायादीतून पार भाद्रपदात वर सरकलं होतं, आणि तेही नागपूरच्या फार्मसी कॉलेजात. वसतिगृह कधीच भरलेलं. एवढा अभ्यास करून मिळवलेली जागा पोरगी सुखासुखी सोडणार नव्हती, आणि हट्टात मीही काही तिच्या मागे नाही. मी म्हटलं, "अहो, नागपूर म्हणजे बाग आहे. बागेत एक खोली मिळणार नाही होय?"

हे मी हवेत बोलत नव्हते. लग्नाआधी वादविवाद स्पर्धेसाठी एकदा नागपूरला आले होते. धरमपेठेतल्या रस्त्यांवर तेव्हा सायकलींशिवाय काही दिसत नसे. प्रत्येक बंगल्याला पेरूचं झाड, मागं संत्र्याची दोन झाडं, आणि कॉलेजातून अंबाझरीच्या तलावापर्यंत चालत गेलं तर पाच माणसं "कुठून आल्या?" म्हणून विचारत. स्पर्धेत हरले, पण गाव मनात घर करून राहिलं.

गाडीतून उतरलो तेव्हा कंबर कामातून गेली होती. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये सामान टाकलं आणि समोरच्या टपरीवर पोहे मागवले. पोह्यांवर त्यानं तर्री (हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा) ओतली. आम्ही कृष्णाकाठची माणसं, तिखटाला काय भिणार, असं म्हणत मी मोठा घास घेतला आणि पुढची दहा मिनिटं मला बोलता आलं नाही. मीना म्हणाली, "आई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघतेय." टपरीवाला पाण्याचा गडू पुढं करून मनापासून हसला.

सायकलरिक्षावाल्याला मी रुबाबात सांगितलं, "धरमपेठ."

"जुनं पायजे का नवं, बाई?"

"एकच आहे ना?"

"होतं. आता बहुत वाढून राहिलं. जिथी संत्र्याचे झाडं होते तिथी फ्लॅट झाले. बाहेरगावची पोरं येऊन राहिली, नवे नवे कॉलेज निघून राहिले. माहं घरबी तिथंच होतं, आता पार नाक्यापलीकडं गेलो." एवढं सांगूनही त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. सवारी वाढली, म्हणाला.

मग सुरू झाली आमची खोलीयात्रा. पहिल्या बंगल्यात मोटारीचं गॅरेज दाखवलं. मोटार बाहेर उन्हात उभी, आत तेलाचे डाग आणि चार खाटा. दुसरीकडं गॅलरीला प्लायवुड ठोकून खोली केली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "हवा भारी येते." भिंतच नाही म्हटल्यावर हवा येणारच की. तिसरी खोली खरोखर छान होती, पण भाडं ऐकून माझा मास्तरकीचा पगार आठवला आणि मी पदर सावरला. तिथला मालक प्रामाणिक होता. "कंपनीवाले याच्या दुप्पट देतात, बाई. पोरींची कटकट काहून घ्याची मंग?"

दोन दिवस हेच. माझ्या आठवणीतला पेरूचा बंगला सापडला, पण तिथं तीन मजल्यांचा सांगाडा उभा होता आणि वर जाहिरातीचा फलक: 'निसर्गरम्य परिसरात आधुनिक सदनिका'. निसर्ग तेवढा कापून झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी अंबाझरीच्या बांधावर बसलो. तलाव मात्र आहे तसाच, काठोकाठ भरलेला, वारा सुटलेला. मीना पाण्याकडं बघत म्हणाली, "आई, परत जाऊ या. बाबांचंच बरोबर होतं." पोरगी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

परत जाताना एका आडगल्लीतून गाण्याचा आवाज आला. चाल ओळखीची. आमच्या हादग्याच्या गाण्याचीच, शब्द तेवढे निराळे. दोन्ही बाजूंना नवी बांधकामं आणि मधोमध एक बसकं कौलारू घर. ओसरीवर मातीचे शंकर-पार्वती मांडलेले. ही भुलाबाई. आमचा हादगा हस्त नक्षत्रात बसतो, हिची गाणी इकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालतात. पण गाणाऱ्या पोरी कुठं दिसेनात. तीन म्हाताऱ्या तेवढ्या टाळ्या वाजवत होत्या. माझ्या जिभेला कुठला धीर, मी फाटकातूनच माझे शब्द जोडून दिले.

गाणं थांबलं. "कोण वं बाई? आत ये न, बाहेर काहून उभी?"

त्या कमलाकाकू. सावनेरकडं शेती, मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात बांधलेलं हे घर. त्यांनी आम्हाला बसवलं, झाकलेला डबा कानाशी हलवला आणि मीनाला म्हणाल्या, "ओळख." आमच्याकडंही हीच रीत. खिरापत म्हणजे प्रसादाचा खाऊ. ती ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. मीनानं शेंगदाण्यापासून लाडवापर्यंत सगळं सांगून पाहिलं. निघाली सांभारवडी (कोथिंबीर भरलेली खमंग वडी). मी तीन खाल्ल्या. नाही म्हणायची सोयच नव्हती.

काकू सांगत होत्या. पूर्वी गल्लीत पंधरा-वीस पोरी जमायच्या, रोज एका घरची खिरापत. आता एकेक घर विकून लोक गेले, फ्लॅटवाल्यांना भुलाबाई ठाऊक नाही. त्यांचा मुलगा विनायक कोराडीच्या वीजकेंद्रात, तिथल्याच कॉलनीत राहतो. तोही म्हणतो, विकून टाक. तोवर मागची खोली एका कंपनीच्या साहेबाला द्यायचं त्यानं ठरवलं होतं. खोली हा शब्द ऐकून मीनानं माझ्याकडं पाहिलं, पण ठरलेल्या ठिकाणी तोंड कसं वेंगाडायचं? मी आमची हकीकत नुसती सांगितली, ह्यांच्या अटीसकट.

उठताना काकूंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "उद्याची खिरापत कोणाची?"

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघू लागल्या. आमच्याकडं हा प्रश्न अनुत्तरित सोडायचा नसतो. अपशकुन. लहानपणापासूनची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची."

"तुमची? रांधता कुठी? तुमाले तं घरच नाई," एक म्हातारी म्हणाली.

सगळ्या हसल्या, मीनाही, दोन दिवसांत पहिल्यांदा. मीही हसले, पण बोललेला शब्द आता माघारी कसा घेणार? काकूंनीच सोडवलं. "मागच्या खोलीत स्टोव्ह हाय. या उद्या."

शनिवारी सकाळी इतवारीच्या बाजारात गेलो. भांड्यांच्या ओळीत हातगाड्या, टेम्पो आणि माणसं यांतून वाट काढताना माझी चप्पल तुटली, ती हातात घेऊन मी घट्ट झाकणाचा एक पितळी डबा घासाघीस करून घेतला. दुकानदारानं "बाई पुण्याच्या का?" असं विचारलं. सांगलीकरणीला याहून लागट बोलणं नाही.

दुपारी मागच्या खोलीत स्टोव्ह पेटला. खोलीला हिरव्या गजांची खिडकी, खिडकीबाहेर संत्र्याचं एकुलतं एक झाड. मी आमचं भडंग (लसणाच्या फोडणीचे तिखट चुरमुरे) करायला घेतलं. तेलात लसूण, तिखट, शेंगदाणे पडले तसा वास गल्लीभर सुटला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या दोन मुली गॅलरीत आल्या. काकूंनी खालूनच हाक मारली, "येता का वं? ओळखाले या." आल्या की त्या उड्या मारत.

तेवढ्यात विनायकची स्कूटर दारात थांबली. "आई, साहेबाले शब्द देल्ला मी. खोली पाहाले येऊन राहिले ते."

"आज त्या खोलीत खिरापत होऊन राहिली. बस आधी."

पितळी डबा फिरला. फुटाणे, म्हणाल्या मुली. चिवडा, म्हणाल्या म्हाताऱ्या. मीना तोंड दाबून बसलेली. शेवटी डबा विनायककडं गेला. हा चाळिशीचा माणूस, कपाळावर आठ्या, पण डबा कानाशी नेताच त्याचा चेहरा बदलला. "चिवडा नाई. लाह्याबी नाई. थांब, सांगू नका कोणी." त्यानं तीनदा हलवला, चारदा हुंगला आणि हरला.

काकू म्हणाल्या, "लहानपणी कदी हरत नव्हता तू. घर विकून हे खेळशीन कुठी?" मग मीनाच्या डोक्यावर हात ठेवून, "कॉलेज होईस्तोवर ही पोरगी इथीच राहीन. मंग काय ते फ्लॅट बांध गा तू. मी आडवी येत नाई."

"अन् साहेबाले काय सांगू?"

"सांग, खोलीत भुलाबाई बसली."

विनायक डोकं खाजवत हसला आणि भडंगाची दुसरी मूठ घेतली. मला रडू आलं. तिखट उडालं म्हणून सांगितलं, पण कोणाला ते खरं वाटलं नसावं.

भाडं आमच्या आवाक्यातलं ठरलं. रविवारी निघताना काकूंनी माझाच पितळी डबा परत दिला, झाकण दोऱ्यानं बांधलेला. "गाडीत उघडायचा नाई. तुमच्या मालकाले ओळखू द्या."

वर्ध्यापासून मनमाडपर्यंत डबा मांडीवर खुळखुळत होता आणि डब्यातले प्रवासी अंदाज बांधत होते. मी खिडकीतून बघत विचार करत होते. गावं वाढणारच. माझी मीना तिथं गेली म्हणजे वाढीत आमचाही हात आलाच, आता पेरूच्या झाडासाठी कोणत्या तोंडानं गळा काढू? चार वर्षांनी ते घरही जाईल. पण त्या फ्लॅटमधल्या दोन मुलींनी जाताना विचारलं होतं, "उद्याची खिरापत आमची चालेल?" ते आठवून मला फार बरं वाटत होतं.

घरी पाऊल टाकताच ह्यांनी विचारलं, "मीना कुठं? घर मिळालं का तिथं?"

मी डबा पुढं ठेवला. "ओळखा."

त्यांनी हलवला. "संत्रं असावं. पण आणखी काहीतरी वाजतंय."

मी दोरा सोडला. आत त्या झाडाचं अजून हिरवंच असलेलं संत्रं होतं आणि एक किल्ली. ती मागच्या खोलीची, हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं.

"ही कसली?" ह्यांनी विचारलं.

"आपल्या नागपूरच्या घराची."

ह्यांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग उठले आणि दारामागं, आमच्या घराची किल्ली असते त्याच खिळ्याला ती अडकवली.