बांधाची वही

काळुराम मोकलने आयुष्यात दोन गोष्टी मन लावून केल्या. गावच्या बांधाची वही सांभाळली आणि दत्ताशेठसाठी माणसं बडवली. दोन्हींचा त्याला सारखाच अभिमान होता, आणि तिथेच त्याचं चुकलं.

दत्ताशेठ हे रोह्याचे पुढारी. पक्ष कोणता ते विचारू नका. तीस वर्षांत त्यांनी चार बदलले आणि चारही वेळा काळुरामने नवा झेंडा त्याच उत्साहाने खांद्यावर घेतला. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही मतदान केंद्राबाहेर बाचाबाची झाली की हा धिप्पाड गडी तिथे हजर. एका निवडणुकीत गुणाजी नावाच्या विरोधी पक्षाच्या शेतकऱ्याने बोगस मतदानाला हरकत घेतली. काळुरामने त्याचा उजवा हात शाळेच्या लोखंडी फाटकात धरला आणि फाटक लाथेने लावलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेला. केस झाली, साक्षीदार फिरले, केस मिटली. घरी येऊन हा पोटभर जेवला. बायको इंदुबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. बायकांना राजकारणातलं कळत नाही, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

आता वहीचं. काळुरामचं गाव खारशेत, धरमतरच्या खाडीला चिकटून आहे. भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली, मिठागरंही तशीच, त्यामुळे बांध आहे तोवर गाव आहे. बांध कुठे फुटला, म्हणजे खांड पडली, की थाळी वाजते आणि घरटी एक माणूस चिखलात उतरतो. पुरुष नसेल तर बाई उतरते. भाऊबंदकी, कोर्टकज्जे, पक्ष, सगळं काठावर ठेवायचं. आलेल्याचं नाव वहीत चढतं, घरांच्या क्रमाने, चावडीपासून खाडीपर्यंत. ज्या घराचं नाव चढत नाही, त्याच्या लग्नात मांडव घालायला कुणी फिरकत नाही. म्हणून माणसं चिखलाने माखलेल्या अंगाने वहीवर वाकून बघत, आपलं नाव नीट लागलंय ना. वही आधी काळुरामच्या बापाकडे होती, मग त्याच्याकडे आली.

गेल्या भाद्रपदात खाडीकाठच्या एका कंपनीच्या मालवाहू बार्जांच्या लाटांनी बांधाची पार चाळण केली होती. कंपनीला जेट्टी वाढवायला गावची जमीन हवी होती आणि गाव देत नव्हतं. दोन सभा झाल्या, थोडी ढकलाढकली झाली, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जमावबंदीचा कागद लागला: पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र यायचं नाही. खाडीला काही वाचता येत नाही. तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, उधाणाच्या पाण्याने बांध फुटला.

थाळी वाजवली नाथाने. साठी ओलांडलेला हा मिठागराचा कामगार बांधाचा म्होरक्या होता. काळुराम तेव्हा रोह्यात दत्ताशेठच्या सत्काराला गेला होता. त्याच्या घरातून उतरली त्याची मुलगी मनस्वी. पेणला औषधांच्या दुकानात कामाला जाणारी ही पोरगी त्या दिवशी सुट्टीवर होती. अठ्ठ्याऐंशी माणसांनी हातोहात चिखलाचे गोळे दिले, पेंढा दाबला, ओहोटी संपायच्या आत खांड बुजवली. नावंही मनस्वीनेच लिहिली.

दुसऱ्या दिवशी काळुराम ती वही घेऊन रोह्याला गेला.

"शेठ, एका थाळीला अठ्ठ्याऐंशी घरं आली. अशा गावाला पक्का बांध नाय द्यायचा तर कोणाला द्यायचा?"

शेठनी पानं उलटली, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "वर पाठवतो. तू घरी जा." काळुराम छाती फुगवून परतला. गावाबाहेरच्या माणसाच्या हातात ही यादी म्हणजे अठ्ठ्याऐंशी जणांचा कबुलीजबाब ठरेल, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. शिवणार कसं? त्या वहीत नाव असणं हा गुन्हा असतो, असं खारशेतात कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला पोलिसांच्या चार गाड्या आल्या. चावडीजवळचं पहिलं घर नाथाचं. त्याला ओट्यावरून केसांना धरून खाली ओढलं आणि उठायच्या आत कानशिलावर काठी बसली. कानातून रक्त आलं. त्याची बायको पुतळी मध्ये पडली, तर तिच्या पोटात बूट बसला. मग दुसरं घर. मग तिसरं. म्हातारा असो, बाळंतीण असो, दार उघडायला उशीर झाला की दार मोडत होते. चौथ्या घरातला पोरगा मागच्या दाराने पळाला, त्याला शेतात गाठून गुडघ्यावर इतकं मारलं की चौघांना त्याला उचलून गाडीत टाकावं लागलं.

काळुराम रस्त्यात उभा होता. पाचव्या घराचं नाव पोलिसाने कागदावरून मोठ्याने वाचलं. ते घर बंद होतं, माणूस मुंबईला असतो, पण बांधाच्या दिवशी तो योगायोगाने आला होता. हे वहीशिवाय गावाबाहेर कोणाला कळणं शक्य नव्हतं. घरांचा क्रम तोच, नावं तीच. त्याचं स्वतःचं घर एकतिसावं होतं.

तो धावत सुटला. "मने, पळ! मागून खाजणातल्या चिखलात उतर!"

मनस्वी भाकरी थापत होती. "का पलू? मी काय चोरी केली हाय?"

"वही गेलीय त्यांच्याकडं!"

"कोणी दिली?"

तो मागच्या दाराची कडी काढायला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं. हातातली भाकरी तिने परातीत टाकली आणि स्वतःच ओटीवर जाऊन उभी राहिली. आलेल्या पोलिसाने तिच्या कानाखाली वाजवली, वेणी मुठीत धरून तिला पायरीवरून खाली ओढलं. काळुराम आडवा आला. खांद्यावर काठी पडली, हात लुळा पडला, तरी तो ओरडत होता, "मी दत्ताशेठचा माणूस हाय! शेठला फोन लावा!"

फौजदार हसला. "अरे बाबा, यादी कोणी पाठवलीय असं वाटतं तुला?"

इंदुबाई दारात होती. ती पायरी उतरून आली. नवऱ्याच्या तोंडावर थुंकली आणि आत गेली.

दुपारी काळुराम रोह्यात शेठच्या बंगल्यावर पोचला. खांदा सुजून वर आला होता. सोफ्यावर शेठ बसले होते आणि त्यांच्या शेजारी, गळ्यात त्याच रंगाचं उपरणं घालून, गुणाजी. त्याचा पक्ष महिन्याभरापूर्वी शेठच्या पक्षात आला होता. ज्याच्यासाठी हात मोडला तो आणि ज्याचा मोडला तो, दोघं एकाच बशीतली बिस्किटं खात होते.

"पोरीचं कळलं," शेठ म्हणाले. "संध्याकाळपर्यंत घरी येईल. एक जबाब दे. नाथाने बार्ज जाळायला माणसं जमवली, हत्यारं वाटली, तू ऐकलंस. बस."

"हत्यारं? शेठ, फावडी होती."

"फावडं डोक्यात घातलं की हत्यारच. आणि जमावबंदी मोडलीच आहे की."

"बांध बुजवाया जमली माणसं! तो बी गुन्हा?"

"काळू, कायदा काय म्हणतो ते मी ठरवत नाही. कोणावर लावायचा, तेवढं बघतो."

गुणाजीने टेबलावरचं पेन पुढे केलं. वाकडं जुळलेलं ते मनगट काळुरामच्या नाकासमोर आलं. "सही कर, काळुराम," तो हळूच म्हणाला. "मी पण केली होती, माझी केस मिटवताना. त्रास होत नाही नंतर."

काळुरामचा हात त्याला मारायला उठला होता. ते मनगट बघून तो तसाच राहिला. हा माणूस त्या दिवशी खोटं मत पडू देत नव्हता एवढाच त्याचा अपराध होता. आपण एका चांगल्या माणसाचा हात मोडला आणि त्याला हे असं करून ठेवलं, हे काळुरामला इतक्या वर्षांनी, भलत्या वेळी, लख्ख कळलं. डोळ्यांसमोर मनस्वीची पोलिसाच्या मुठीतली वेणी होती. एक सही केली की ती घरी. त्याने पेन घेतलं, जबाबाचा कागद ओढला, नाथाचं नाव वाचलं आणि कागद उभा फाडला. मग शेठची कॉलर धरली.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेठची पोरं आली. कुठे मारलं की वळ दिसत नाहीत, हे त्यांना काळुरामनेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी ते पाळलं नाही. दोन दात फरशीवर पडले. बरगडीवर लाथा बसत होत्या आणि शेठ आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. तासाभराने पोलिसांची गाडी आली आणि यादीत एकोणनव्वदावं नाव चढलं.

कोठडीत गावची तीसेक माणसं कोंबली होती. पलीकडच्या खोलीत बाया होत्या, मधे फक्त गजांचा बोळ. चोवीस तासांत कोर्टापुढे न्यायला लागतं, असं मनस्वी ओरडून सांगत होती. बाहेरचा शिपाई म्हणाला, "अटक कधी दाखवायची ते आम्ही ठरवतो. पुस्तकातलं पुस्तकात राहू दे." दोन दिवस झाले तरी कागदावर कोणालाच अटक नव्हती. मधूनमधून एकेकाला बाहेर नेत आणि तळपायांवर मारून परत टाकत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाथा म्हणाला, "तलाठ्यानं दिली असल यादी. दुसरं कोण देणार?" त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मोठ्याने बोलत होता. सगळ्यांनी माना हलवल्या.

काळुराम गप्प राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. मनस्वी दोन दिवसांत त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, पण तिने कोणाला सांगितलंही नव्हतं.

"तलाठी नाय," तो म्हणाला. "वही मी दिली. शेठला."

पहिली लाथ नाथाची. मग सगळेच तुटून पडले. ज्यांचे तळपाय फुटले होते ते गुडघ्यांनी मारत होते. चौथ्या घरच्या पोराला उभं राहता येत नव्हतं, त्याने सरपटत येऊन काळुरामच्या दंडाचा चावा घेतला. काळुरामने हात उचलला नाही. पलीकडून मनस्वीला सगळं ऐकू येत होतं. ती 'थांबा' म्हणाली नाही.

फौजदार गजांबाहेर उभा राहून मजा बघत होता. माणसं दमली तेव्हा त्याने काळुरामला बाहेर काढलं, पाणी दिलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "उद्या कोर्ट आहे. जजसाहेब विचारतील, कोणी मारलं. नाथाचं नाव सांग. खुनाचा प्रयत्न लावतो त्याच्यावर. तू साक्षीदार, पोरगी घरी."

कोर्टात उभं केलं तेव्हा काळुरामचा एक डोळा बंद होता. न्यायाधीशांसमोर फायलींचा ढीग होता. "पोलिसांविरुद्ध मारहाणीची तक्रार आहे का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

फौजदार त्याच्याकडे बघत होता. नाथाही बघत होता, रक्त सुकलेल्या कानावर हात ठेवून. मनस्वी खाली बघत होती.

"माझ्या माराची तक्रार नाय साहेब," काळुराम म्हणाला. दात नसल्यामुळे शब्दांतून हवा जात होती. "पन तक्रार हाय. आमी बांध बुजवला. माजी वही दत्ताशेठनं..."

"मारहाणीची तक्रार आहे की नाही, एवढंच सांगा."

"साहेब, ही माणसं तीन दिवस कोंडलीयत. कागदावर कालची तारीख..."

"तक्रार नाही," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. लेखनिकाने टाइप केलं. मागून एका शिपायाने काळुरामच्या सुजलेल्या खांद्यावर अंगठा रुतवला आणि तो कळवळून खाली बसला.

"पुढचा."

पुढचं नाव मनस्वी काळुराम मोकल. ती पुढे आली. गालावर पाच बोटांचे वळ अजून निळे होते. न्यायाधीशांनी तोच प्रश्न विचारला.

"माझी हाय," ती म्हणाली. "पन आधी माझ्या बापाची लिवा. त्याचं बोलणं पुरं झालं नाय."

शिपाई तिचा दंड धरून ओढायला लागला. तिने लाकडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं. न्यायाधीशांनी पहिल्यांदा मान वर केली.