भोपळ्यातली हवा

लढाई संपून नानासो वडूजजवळच्या आपल्या वस्तीवर परतला. इतरांनी येताना बूट आणले, कांबळी आणली. यानं फाटक्या पॅराशूटचा एक रेशमी तुकडा आणला आणि पाखरांचा लळा आणला. पलटणीत त्याच्याकडं निरोप नेणारी कबुतरं होती. माणसांपेक्षा त्याचं पाखरांशी जास्त जमायचं आणि याचा राग त्याची बायको राहीबाई सोडून कुणालाच नव्हता.

त्या साली जत्रेसाठी गावात शोभेची दारू उडवणाऱ्या हंबीररावानं पुरुषभर उंचीचा दारूचा बाण करायला घेतला. यंदा आभाळात जित्राब धाडणार, असं तो चावडीवर बोलून बसला. जित्राब म्हणजे कोंबडीचं पिलू. ते मरणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नानासोच्या मात्र ते घशाखाली उतरेना.

"धाडायचं तर धाड, गड्या," तो म्हणाला, "पर ते जित्तं खाली आणायचं काम माजं."

मग त्यानं वाळका भोपळा कोरला. आतून घोंगडीचे तुकडे चिकटवले, तळाला कापूस भरला. वर लय गारठा असतो, हे त्यानं विमानवाल्यांकडून ऐकलं होतं. म्हणून भोपळा मेणानं बंद करायचा, असं ठरलं. पण बंद भोपळ्यात पिलाला हवा पुरेल का?

पिलू होतं राहीबाईचं. ती म्हणाली, "आदी तुमी बसून दावा. मग माजं पिलू बसंल."

नानासोला यात वावगं काही वाटलं नाही. ज्वारी साठवायच्या रिकाम्या कणगीत तो उतरला. राहीबाईनं झाकण ठेवून कडा शेणामातीनं लिंपून घेतल्या. दम कोंडला की आतून ठोकायचं, असा करार झाला. आधी त्याला बरं वाटलं, डुलकीसुद्धा लागली. मग घाम फुटला, छाती जड झाली, आणि त्यानं ठोकलं.

बाहेरून राहीबाईनं शांतपणे विचारलं, "माज्या भनीच्या लग्नाला येत न्हाई म्हणाला हुता. आता येताय न्हवं?"

"येतो."

"आन् तितं माज्या भावाशी भांडणार न्हाई?"

याला जरा वेळ लागला. पण शेवटी मेव्हण्यापेक्षा हवा मोठी ठरली.

बाहेर पडल्यावर तो घटाघटा तांब्याभर पाणी प्याला आणि तसाच भोपळ्याकडं गेला. त्यानं बुडाला बारीक भोकं पाडली आणि त्यांत लोकरीचे सैल बोळे बसवले. वारा अडेल, हवा येईल. वर रेशमी तुकड्याची छत्री बांधली.

जत्रेत पिलू आत बसवलेला भोपळा टोकावर घेऊन बाण सुसाटत गेला. वर एक ठिणगी फुटली आणि छत्री उघडली. भोपळा हेलकावे खात ओढ्यापलीकडच्या बाभळीत अडकला. अख्खी जत्रा तिकडं धावली. नानासो काट्यांत धोतर फाडून घेत वर चढला, भोपळा खाली आणला, फोडला. पिलू कापसात निपचित पडलं होतं. त्यानं ते तळहातावर घेतलं, हलकेच फुंकर घातली. पिलानं एक डोळा उघडला आणि नानासोच्या हातावर शिटलं.

"जित्तं हाय," नानासो म्हणाला.

पुढल्या साली बकरीचं करडू धाडू, असं हंबीरराव त्याच दिवशी म्हणाला. राहीबाईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण पुढच्या बाजारी नानासो कुंभाराकडं मोठाले डेरे वाजवून बघत होता.