मीठ उडत नाही

सासरे आठवडाभर बाहेरगावी गेले आणि जाताना जावयाच्या हवाली एक समुद्र करून गेले. काचेचा, जेवणाच्या टेबलाएवढा. परत येईपर्यंत जावयाने तो जास्तच खारट करून ठेवला.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडतंय हे पाहून त्याने डोकं चालवलं होतं. समुद्राचं गेलं, तर समुद्राचंच भरावं. रोज मीठ कालवून तो ओतत राहिला. शेवटी दगडावरचं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जिवंत प्राणी, मूठ आवळून बसलं, आणि त्यात राहणारा केशरी मासा कुलूप लागलेल्या घरापुढे भाडेकरू घुटमळावा तसा घुटमळू लागला. ते फूल लेकीने पहिल्या पगारातून बापासाठी आणलेलं.

गल्ली सासऱ्यांना कप्तान म्हणे. खरं तर ते मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. स्वयंपाकघराला एकच गोल खिडकी, तीही वाफेने धुरकटलेली. जन्म समुद्रावर गेला आणि समुद्र बघायचाच राहिला, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी तो घरी आणला. त्यासमोर बसले की त्यांचा चेहरा निळा होई, आणि कुणी बोललेलं त्यांना जरा उशिराच ऐकू येई.

आल्या आल्या त्यांनी फुलाकडे पाहिलं, मग जावयाकडे. खारटपणा मोजायच्या नळीवर टाकीतला थेंब ठेवून ती डोळ्याला लावून उजेडाकडे धरली.

"पाणी कमी झालं तेव्हा काय घातलंत, जावईबापू?"

"मिठाचं पाणी, बाबा."

"पाणी उडतं, मीठ उडत नाही. जावयासारखंच. एकदा आलं की बसून राहतं."

"मग सगळं बदलून टाकू?"

"फूल मारायचंय का? भाजी खारट झाली की मी बटाटा टाकायचो. इथे दिवस टाकावे लागतात."

मग रोज सकाळी एक जग खारं काढायचं आणि एक जग गोडं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. दोघे शेजारी बसत. थेंब ऐकता ऐकता जावयाचे डोळे मिटत, आणि खोली नांगरलेल्या बोटीसारखी हळूहळू डुलू लागे. अशाच एका डुलकीतून तो जागा झाला तेव्हा फुलाने बोटं पसरली होती आणि मासा घरात शिरला होता.

तेवढ्यात लेक आली. "बाबा, काय झालं होतं हो फुलाला?"

"यांना विचार," असं म्हणून कप्तान पाण्यात हरवले.

"सांगतो की," जावई म्हणाला, "चहा होऊ दे."

चहा झाला. त्यानंतर पुष्कळ चहा झाले. अजूनही जावई दारात दिसला की कप्तान नळी डोळ्याला लावून त्याच्यावर रोखतात आणि मान हलवतात.

"मीठ अजून उतरलं नाही."