ओटीवरचा ड्रायव्हर

आमच्या अंगणात एक मोडकी जीप उभी होती आणि ओटीवर एक अस्सल जीपवाला बसलेला होता. दोघांच्या मधे मी, हातात पाना, तोंडात शिव्या. ऐंशीच्या दशकातल्या एका सबंध वर्षाच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या ह्यातच वाया गेल्या, आणि आज आठवलं तरी डोकं फिरतं.

ओटीवरचा जीपवाला म्हणजे माझे वडील. बाबा लष्करात ड्रायव्हर होते. तरुणपणाची सगळी वर्षं बर्फात नि वाळूत जीप चालवण्यात घालवली आणि निवृत्त होऊन पावसजवळच्या आमच्या वाडीत परत आले, ते पुन्हा कुठल्याही गाडीच्या चाकाला हात लावणार नाही असं ठरवूनच. का, असं विचारलं तर "उतरलो तो उतरलो" एवढंच उत्तर. मग त्यांनी सगळा जीव ओतला तो वर सड्यावरच्या कलमांवर. सडा म्हणजे नुसता कातळ. सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती वाहून नेली, कावडीने पाणी घातलं, तेव्हा कुठे हापूसची कलमं धरली. आणि कलमं भराला आली तेव्हा बाबांचे गुडघे गेले.

सड्यावरची वाट म्हणजे जांभ्या दगडाची उभी चढण. रिक्षा तिचं नाव काढत नाही. बाबांना काठी टेकत अंगणातून फाटकापर्यंत जायलाच पाव तास लागायचा. "डोली करूया," मी एकदा म्हटलं, तर अंगावर आले. "माणसांच्या खांद्यावरून मी एकदाच जाईन, आणि तेव्हा तुला विचारायला येणार नाही!" झालं. दोन मोसम मोहोर आला नि गेला. बाबा ओटीवर बसून आमच्या गड्याला विचारत राहिले, "तिसऱ्या रांगेतलं खालच्या अंगाचं फुटलं काय रे?" गडी म्हणायचा, "फुटलाय की." तो सगळ्यांनाच फुटलाय की म्हणायचा. बाबांना ते कळायचं. मान खाली घालून ते अडकित्त्याने सुपारी कातरत बसायचे, आणि मला ते बघवायचं नाही.

म्हणून जीप. त्या वाटेने चढेल अशी दुसरी वस्तू माझ्या डोळ्यांपुढे नव्हती. मी रत्नागिरीत कचेरीत कारकून, पण यंत्रांचं वेड लहानपणापासूनचं. वाडीतले रेडिओ, पंप, शिवणयंत्रं, सगळं मी खोललेलं. परत जुळलं किती, असं बायको विचारते, पण तिचं सोडा. कोल्हापूरला एका ठेकेदाराकडे लष्कराने मोडीत काढलेली जीप पडून असल्याचं कळलं. जाऊन बघितली, प्रेमात पडलो, आणि ट्रकच्या हौद्यात घालून आंबा घाटातून खाली आणली. वाडीतल्या झाडून सगळ्या माणसांनी ती फळ्यांवरून ढकलत, आरडाओरडा करत अंगणात उतरवली.

बाबा काठी टेकत आले. एक चक्कर मारली. मडगार्डवर काठीने टकटक केलं तशी गंजाची खपली खाली पडली.

"ही गाडी नाही," ते म्हणाले. "भंगार आहे. आणि ऐक, ह्या भंगाराबद्दल मला एक अक्षर विचारायचं नाही."

"नाही विचारणार!" मी म्हटलं. मीही त्यांचाच मुलगा.

आता बघा, हा काय न्याय आहे? सबंध रत्नागिरी तालुक्यात ह्या गाडीची नस न् नस माहीत असलेला माणूस माझ्यापासून हाकेवर बसलेला, आणि त्याच्याशी त्या विषयावर बोलायची बंदी! मी बोल्ट उलटा फिरवत असलो की ओटीवरचा अडकित्ता थांबायचा. मी मान वर केली की पुन्हा सुरू. त्या अडकित्त्याच्या आवाजावरून मला कळायला लागलं, आपलं कुठेतरी चुकतंय. पण कुठे? ते सांगतील तर शपथ. सुपारी तोंडात, पानसुपारीच्या चंचीची दोरी ओढली, चंची कमरेला. संपलं.

दिवेलागणीला त्यांची एक फेरी असायची. गोठ्याचं दार, विहिरीवरचा पोहरा, फाटकाची कडी. सगळं हात लावून बघायचे, ही लष्करातली सवय. त्या वाटेवर जीप यायचीच, पण तिच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. शेण पडलेलं असावं तसा वळसा घालून पुढे जायचे. मला इतका राग यायचा, काय सांगू.

आणि बाकीचे काय कमी होते? आमच्याकडचा खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. रविवारी घासून लख्ख केलेला पत्रा पुढच्या रविवारी लालभडक. मग बंदरावरच्या एका खलाशी मित्राने अक्कल दिली, होडीला लावतो ते माशाचं तेल खालून चोपड, गंज जवळ येणार नाही. मीही शहाणा, चोपडलं! गंज थांबला का ते देव जाणे, पण वाडीतली एकूण एक मांजरं जीपखाली मुक्कामाला आली. खाली पडून काम करायला गेलो की आधी मांजरांची समजूत काढायची. एक तर माझ्याच छातीवर बसायचं. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब नाकाला रुमाल लावून विचारतात, "काल बाजार चांगला झालेला दिसतोय?"

मुंबईच्या भावाला ब्रेकचं सामान आणायला सांगितलं. कागदावर चित्र काढून दिलं होतं. तो शिमग्याला आला, पिशवी उघडली, तर सामान भलत्याच गाडीचं. वर हसत म्हणतो, "दुकानदार म्हणाला सगळ्यांना बसतं." आणि न सांगता काय आणलं? आरसा! पितळी चौकटीचा, आत हिरवा पोपट रंगवलेला. "जिपेला शोभेल," म्हणाला. त्याच्या डोक्यात घालणार होतो, पण देवाची पालखी दारात होती.

मे महिन्यात तर कहरच झाला. मी चार दिवस कामासाठी गुहागरला गेलो होतो. परत येऊन ताडपत्री उचलतो तर जीपमध्ये आढी! मागच्या हौद्यात पेंढा पसरून, त्यावर आंबे, त्यावर पेंढा, त्यावर परत आंबे. पुढच्या सीटवरसुद्धा रायवळ आंबे. बायको शांतपणे म्हणाली, "माडीवर उंदीर झालेत. इथं मांजरं आहेत. बरी सोय झाली. हलवू नका हां, अजून आठ दिवस पिकायचेत." मी बाबांकडे बघितलं. अडकित्ता जोरात चालू होता. खांदे हलत होते. हसत होते!

तेव्हा मी खरंच ठरवलं की पुरे. विकून टाकायची ही ब्याद. पण त्याच संध्याकाळी बाबांनी गड्याला विचारलं, "वरच्या फणसाखालचं कलम, त्याला वाळवी लागली होती, ते राहिलं काय?" गडी म्हणाला, "राहिलाय की." आणि बाबा वर सड्याकडे बघत बसले. झाडांच्या आड तिथून काही म्हणता काही दिसत नाही. तरी बघत बसले. मी परत पाना उचलला.

पावसाळा गेला. माडाच्या झापांच्या मांडवाखाली मी कोल्हापूरहून आणलेले ब्रेक बसवले, इंजिन खोलून परत भरलं. त्या कार्ब्युरेटरने माझ्या आयुष्याची माती केली. किती वेळा साफ केला, देवाला ठाऊक. साफ केला की दोन दिवस नीट, मग परत घशात काही अडकल्यासारखं खॉक् खॉक्, की बंद. थंडी पडली, सड्यावर मोहोर धरला अशी खबर आली, आणि मी अक्षरशः हातघाईवर आलो. ह्या वर्षी नाही तर मग केव्हा? बाबा आता फाटकाशी जाऊन परत येताना दोनदा बसायला लागले होते.

शेवटी हरलो आणि शहरातून एक मिस्त्री बोलावला. त्याने सबंध दुपार घालवून ठिणगीचं टायमिंग लावलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण बंद केलं आणि बजावलं, "आता ह्या झाकणाला हात लावायचा नाही, भाऊ. घड्याळासारखं बसवलंय." मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि अहो, सुरू झाली की! अशी सुरू झाली की अंगणातल्या कोंबड्या माडावर चढायच्या बाकी राहिल्या. मांजरं पळाली. बायकोने नारळ आणला. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकराने जी काय खटपट केली, ती गोड करून घे रे महाराजा!" आणि सगळी वाडी एका सुरात ओरडली, "व्हय महाराजा!"

बाबा ओटीवरून उठले नाहीत. इंजिन चालू होतं तोवर मान तिरकी करून ऐकत राहिले. बंद केल्यावर म्हणाले, "सकाळी निघू. ऊन चढायच्या आत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बायकोकडे बघितलं. तिने डोळे पुसले आणि आत जाऊन घावन्यांचं पीठ भिजवायला घेतलं, वर न्यायला.

सकाळी बाबा आमच्या आधी तयार. अंगात जुना लष्करी स्वेटर, डोक्याला मफलर, कमरेला चंची, काठी दोन गुडघ्यांत धरून पायरीवर बसलेले. मी देवाला नमस्कार करून हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. काही नाही. खॉक् नाही, खूक् नाही. मेलेलं जनावर!

कार्ब्युरेटर, दुसरं कोण? उतरवला. फुंकला, साफ केला, बसवला. काही नाही. पेट्रोलचा पंप उघडला. ठीक होता. टाकीची नळी काढून तोंडाने ओढली, तोंडभर पेट्रोल आलं, थुंकत थुंकत परत लावली. काही नाही. वाडीतली माणसं जमली, ढकलत ढकलत जीप गल्लीतून खालपर्यंत नेली. तशीच ढकलत वर आणली. प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. काका म्हणाले, नारळ नासका होता. भावाचा पोपट जीपला टांगलेल्या आरशातून माझ्याकडे बघत होता. ऊन अंगणात आलं, पायरीवर आलं, बाबांच्या गुडघ्यांवर आलं. त्यांनी मफलर काढून घडी करून मांडीवर ठेवला.

शेवटी मिस्त्रीला मनातल्या मनात शिवी घालून मी ते झाकण उघडलं. त्याच्या आत अंगठ्याएवढा एक काळा तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो फिरतो म्हणून प्लगांना ठिणगी जाते. तो नसेल तर इंजिन जन्मात सुरू होत नाही. आणि तो नव्हता.

माझं डोकंच गेलं. "रोटर चोरला!" मी बोंब ठोकली. "माझ्या अंगणातून रोटर चोरला! कुणी हात लावला गाडीला? कुणाची मस्करी आहे ही? समोर या!" माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकांनी टोपी काढली. बायको म्हणाली, "अहो, हळू." मी पाना असा भिरकावला की तो थेट गोठ्यात, म्हैस उठून उभी राहिली.

"ओरडतोस कशाला?" पायरीवरून आवाज आला. "मागितलास काय माझ्याकडे?"

बाबांनी कमरेची चंची सोडली. दोरी सैल केली. सुपारी बाजूला केली, चुन्याची डबी बाजूला केली, आणि तळहातावर रोटर ठेवून हात पुढे केला.

"तुम्ही... बाबा, तुम्ही काढलात?"

"काल फेरीच्या वेळी. गाडी उभी करून झोपायला जायचं तर रोटर ड्रायव्हरच्या खिशात. कुणी पळवली म्हणजे? सकाळी गाडी काढणाऱ्याने येऊन मागायचा. तुला एवढंही ठाऊक नाही?"

"आणि मी सकाळपासून इथे मरतोय ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं. म्हटलं, आता मागेल, मग मागेल."

असा संताप आला! डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, वर्षभर ही इथे उभी होती," मी ओरडलो, "वर्षभर तुम्ही हिच्याकडे बघितलं नाहीत! एकदा तरी काढलात रोटर?"

"वर्षभर?" बाबांना माझा प्रश्नच कळला नाही. "भंगार कोण चोरतोय?"

मी रोटर घेतला. त्याला चुना लागला होता, तंबाखूचा वास येत होता. सदऱ्याला पुसला, बसवला, झाकण लावलं. पहिल्या हँडलला सुरू झाली. बाबांना दोघांनी धरून आत बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला, आरशातल्या पोपटाकडे बघितलं, आणि म्हणाले, "हा पहिला काढून टाक."

सबंध चढण ते मला ओरडत होते. "दुसरा टाक. अरे, दुसरा! क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. दगड चाकाखाली घे, मधे घेऊ नकोस." वर्षभराचं साठलेलं सगळं त्या चढणीवर बाहेर पडलं. मी चिडून चिडून घामाघूम. पण जीप चढली.

सड्यावर पोचलो. ओळीने कलमं, आणि सगळी मोहोरलेली, गड्याने एवढ्यापुरतं खरं सांगितलं होतं. वास असा की छातीत मावेना. दोन वर्षांनी माणूस आपल्या झाडांपाशी आला होता. मी इंजिन बंद केलं आणि त्यांना उतरवायला धावत दुसऱ्या बाजूला गेलो. पण बाबा झाडांकडे बघतच नव्हते. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला होता.

"बाबा, इथे कातळावर कोण येणार चोरायला?"

हात तसाच.

मी गेलो, बॉनेट उघडलं, रोटर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चंचीत टाकला, दोरी घट्ट ओढली, वरून एकदा चाचपून बघितलं. मग म्हणाले, "चल, आता उतरव मला."