गेर्मान साव्हेलिचची स्वच्छ वीज

जानेवारीत चेल्याबिन्स्कची थंडी उणे तिसाच्या खाली गेली की आमच्या इमारतीतले सगळे गाडीवाले संध्याकाळी एकच काम करतात. गाडीतली बॅटरी सोडवायची आणि पोटाशी धरून जिना चढायचा. बॅटरी रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. त्यामुळे ज्याच्या त्याच्या दारात, बुटांच्या शेजारी, एक बॅटरी बसलेली असते. पाचव्या मजल्यावरच्या गेर्मान साव्हेलिचची बॅटरी मात्र दारात नव्हती. ती आतल्या खोलीत टेबलाखाली, घडी घातलेल्या लोकरी शालीवर विराजमान होती, आणि तिच्यातून दोन तारा निघून संगणकाच्या पोटात गेल्या होत्या.

"ती माझी शाल आहे," त्याची बायको रिम्मा म्हणाली.

"फरशी गार पडते गं."

"मलाही गार लागतं. छत्तीस वर्षांत मला कधी विचारलंस?"

गेर्मान वाकून तारा जुळवत होता. त्याच्या तोंडात सोल्डरची तार होती.

हा गृहस्थ एकसष्ट वर्षांचा. उभा जन्म पंपांच्या कारखान्यात गेला, पण पंपांशी त्याचा संबंध नव्हता. कारखान्याचं कलाभवन होतं, तिथे ध्वनिमुद्रण करणं हे त्याचं काम. कान मोठे, बाहेर आलेले, आणि आवाजात जरा कुठे खरखर आली की चेहरा असा व्हायचा, जणू चटका बसला. निवृत्तीनंतर मुलाने जुना संगणक दिला. बाकीचे म्हातारे त्यावर पत्ते खेळतात, ह्याने पहिल्याच दिवशी कान लावला आणि जाहीर केलं, "हा आतून कुरकुरतोय."

खरंच कुरकुरत होता. ज्या साउंड कार्डातून आवाज निघतो, त्याला वीज मिळते ती संगणकाच्याच डब्यातून, आणि त्याच विजेवर पंखे फिरतात, डिस्क फिरते, सगळ्यांचं चालतं. त्या सगळ्यांची घाण आवाजात उतरते. नुसता माउस हलवला तरी स्पीकरमधून कर्रर्र यायचं. दुसरा कोणी म्हणाला असता, येऊ दे. गेर्मान म्हणाला नाही. पण हा छंद नुसता छंद राहिला असता, जर शुबिना बहिणींचं भांडण मध्ये आलं नसतं.

रिम्मा माहेरची शुबिना. तिची धाकटी बहीण क्लाव्दिया, घरात सगळ्यांची क्लावा. सदुसष्ट साली दोघी कारखान्याच्या गायकवृंदात होत्या. आठ मार्चच्या महिला दिनाच्या कार्यक्रमात दोघींपैकी एक एकटीने गायली, आणि सभागृह उभं राहिलं. दुसरीचा घसा बसलेला होता. कोणाचा, ह्यावर गेली छत्तीस वर्षं वाद. रिम्मा म्हणते, मी गायले, क्लावा आइस्क्रीम खाऊन बसली होती. क्लावा म्हणते, मी गायले, आइस्क्रीम रिम्माने खाल्लं होतं. दोघींचे आवाज इतके सारखे की फोनवर सख्खी आई फसायची. वृंदातल्या बायका कुठे कुठे पांगल्या. साक्षीदार उरला एक: त्या दिवशी पहिल्या रांगेसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला गेर्मान.

"तू तर समोर होतास! कोण गायलं, सांग ना!" दर सणाला दोघी त्याला धरायच्या.

"मला काय माहीत? मी काटा बघत होतो."

ते खोटंही नव्हतं. मुद्रण करताना आवाजाची पातळी दाखवणारा काटा लाल खुणेपलीकडे जाऊ द्यायचा नसतो. अख्खं गाणं त्याने काट्यावर डोळे रोवून काढलं, आणि मान वर केली तेव्हा मंचावर पडदा होता. पुढे दोन महिन्यांनी त्याने रिम्माशी लग्न केलं, पण गायली कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. असा नवरा, दुसरं काय.

या नववर्षाच्या जेवणात क्लावाला थोडी जास्त झाली. जेवणाचा काटा हवेत रोखून ती म्हणाली, "टेप आहे ना तुमच्याकडे? सुरुवातीला निवेदकाने नाव घेतलं होतं. फेब्रुवारीत रिम्माची साठी आहे. लावा सगळ्यांसमोर, होऊन जाऊ दे!"

टेबलावरचे सगळे रिम्माकडे बघू लागले. रिम्मा लाल झाली. "लावा की! भीती कोणाच्या बापाची? मला ना अत्तर हवं ना नवा कोट. गेर्मान मला ते नाव ऐकवेल. हिच्यासमोर!"

"ऐकवतो," गेर्मान म्हणाला. त्यालाही थोडी झाली होती.

टेप काढली. गाणं उत्तम वाजलं. पण निवेदक मायक्रोफोनपासून लांब उभा होता; टेपवर त्याची नुसती पुटपुट ऐकू यायची. संगणकात ती वीसपट मोठी करता येई, पण मग कार्डाची कुरकुरही वीसपट होई. निघायचं ते एवढंच: "एकल गायन, कर्रर्र, शुबिना." आडनाव स्वच्छ. आडनावावर वाद नव्हताच.

आता गेर्मान पेटला. कार्डाला संगणकाकडून वीज आणणारा तांब्याचा रस्ता त्याने पात्याने खरवडून तोडला आणि ठरवलं, ह्याला वेगळी वीज द्यायची, निर्मळ. भिंतीतली वीज तर आणखी घाणेरडी, तिच्यावर सबंध इमारतीचे फ्रिज. निर्मळ वीज जगात एकाच ठिकाणी मिळते, बॅटरीत. आणि बॅटरी थंडीमुळे घरी आलेलीच होती.

मग रविवारच्या बाजारातून वीज साठवणारे कपॅसिटर आले, विजेचा दाब बांधून ठेवणारा तीन पायांचा भाग आला, घरभर सोल्डरचा धूर आला. रिम्मा सहापर्यंत दवाखान्यात रोग्यांचे कोट सांभाळायच्या खिडकीवर बसायची, तोवर दुपार गेर्मानची. पण नेमकं काम रंगात आलं की ती लवकर यायची.

"बटाटे संपले. गॅरेजला चल."

बटाटे शहराच्या पार टोकाला असलेल्या गॅरेजखालच्या तळघरात. म्हणजे तारा सोडवा, बॅटरी पाच मजले खाली न्या, बसवा, बटाटे आणा, पुन्हा बॅटरी पाच मजले वर. एका आठवड्यात हे तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला गाडी चालूच होईना. सारी ताकद साउंड कार्डाने पिऊन टाकली होती. शेवटी खालच्या मजल्यावरच्या जुफरने आपल्या गाडीला तारा जोडून गाडी जागी केली.

"साव्हेलिच, रात्रभर घरात ठेवून बॅटरी उतरते कशी हो? आणि बटाटे कोण खातंय एवढे? पलटण ठेवलीये का घरात?"

"थंडीचे दिवस आहेत," गेर्मान म्हणाला.

एकदा रिम्माने टेबलाखाली झाडू घातला आणि डाग दिलेल्या दोन तारा उपटल्या. एकदा तर ती टेपच फेकायला निघाली होती, "ही जुनी रिळं कशाला रे?" गेर्मान घाबरून ओरडला, पण मनात म्हणाला, बायकांना यंत्रातलं काय कळतंय. तिच्याचसाठी तर चाललंय, आणि तीच आडवी येते.

साठीला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, ते जमलं. गेर्मानने आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि काहीच ऐकू आलं नाही. स्पीकर गेले असं वाटून त्याने टिचकी मारली. मग सभागृहातली एक खुर्ची करकरली. मागे कोणीतरी खोकलं. निवेदकाचे बूट चार पावलं चालले, आणि तो म्हणाला:

"एकल गायन, क्लाव्दिया शुबिना."

गेर्मानने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. काय तो आवाज! 'क्ल' कसा सुटा, 'द' कसा ठसठशीत, निवेदकाने मध्ये गिळलेली थुंकीसुद्धा ऐकू येत होती. अशी वीज अख्ख्या उरलमध्ये कोणाकडे नसेल! तो चपलांवरच जुफरकडे धावला.

"जुफर! स्मशानासारखी शांतता! शनिवारी ये आणि ऐक. सुई पडली तरी सांगेन कुठली!"

"आणि नाव? कोण निघालं?"

गेर्मानचं तोंड उघडंच राहिलं. अक्षरं त्याने सात वेळा ऐकली होती. नाव त्याने आत्ता ऐकलं.

वर येऊन तो बॅटरीशेजारी फरशीवर बसला. छत्तीस वर्षं ह्या घरात पाहुणा आला की रिम्मा त्या आठ मार्चची गोष्ट सांगायची. सभागृह कसं उभं राहिलं, कारखान्याच्या डायरेक्टरने डोळे पुसायला रुमाल कसा काढला. दवाखान्यात कोट देता-घेताना ती तेच गाणं गुणगुणते, आणि रोगी म्हणतात, आजी, तुम्ही गायला हवं होतं. आणि आता भरल्या घरासमोर, तिच्याच वाढदिवसाला, तिच्याच नवऱ्याने बनवलेल्या निर्मळ विजेवर!  टेप कापावी? हात धजेना, टेप कापेल तो ध्वनिमुद्रक कसला. खोटं बोलावं? त्याचे कान लाल होतात, सगळ्यांना कळतं.

संध्याकाळी त्याने सोल्डरिंगची कांडी तापवली आणि दीड महिन्याचं काम वीस मिनिटांत उलटं केलं. बॅटरीच्या तारा काढल्या, तोडलेला रस्ता पुन्हा जोडला. कर्रर्र परत आलं. त्याला रडू यायचं बाकी होतं. बॅटरी उचलून त्याने दारात, बुटांशेजारी नेऊन ठेवली, आणि शाल झटकून रिम्माच्या खुर्चीवर टाकली. मग शनिवारपर्यंत रोज बसून सराव केला: नाव सुरू झालं की माउस हलवायचा, 'शुबिना' आलं की थांबायचं.

शनिवारी दुपारी दोनला माणसं जमली. ऑलिव्हिए सॅलडची परात, बिटाखाली दडवलेला मासा, खिमा भरलेल्या वाफाळत्या पेल्मेनी. जुफरने शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की स्मशानासारखी शांतता ऐकायला मिळणार. तिसऱ्या पेल्यानंतर क्लावाने ताट वाजवलं. "चला, निकाल!"

रिम्मा पांढरीफटक पडली होती. गेर्मानने टेप सुरू केली आणि उजवा हात माउसवर ठेवला.

"एकल गायन," निवेदक म्हणाला, "कर्रर्र, कर्रर्र, शुबिना."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग असा हशा उसळला की काचेचे पेले किणकिणले.

"हीच का हो ती शांतता, साव्हेलिच?" जुफर डोळे पुसत म्हणाला. "आमच्या स्मशानात ट्रॅक्टर नसतो!"

"दीड महिना!" क्लावा ओरडली. "तुझे हात सोन्याचे म्हणतात रे गेर्मान! आता ते गहाण टाक!"

"मी सांगतच होते," रिम्मा सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. "घरात धूर, गाडी बंद, आणि शेवटी हे! अरे, चहाचं भांडं तरी दुरुस्त करता येतं का तुला?"

गेर्मान मान खाली घालून बसला. आयुष्यात त्याला कोणी 'आवाज खराब आला' म्हटलं नव्हतं. मग गाणं सुरू झालं आणि हशा आपोआप थांबला. क्लावा बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, रिम्माही रडली, आणि दोघी तेच गाणं टेपबरोबर गुणगुणू लागल्या. कोणती टेपमध्ये आणि कोणती बाहेर, कोणालाच सांगता आलं नसतं.

सातला पाहुणे गेले. रिम्मा ताटं धूत होती, गेर्मान पुसत होता. 

"गेर्मान, तो माउस एवढा कशाला हलवत होतास रे?"

त्याचे कान लाल झाले. तो ताट पुसत राहिला. कोरडं झालेलंच ताट.

तिने नळ बंद केला. "मोठा कप होता. व्हॅनिलाचा. क्लावा मला म्हणत होती, खाऊ नकोस." मग अगदी हळू: "एवढे बटाटे आणवले तुझ्याकडून. तरी थांबला नाहीस, मेल्या." ती थांबली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

गेर्मानने ताट फळीवर ठेवलं.

"मला काय माहीत? मी काटा बघत होतो."