न्हाणीवरची खिडकी

आमच्या बीदरच्या घराला न्हाणी होती, पण तिला छप्पर नव्हतं. त्या काळी गल्लीत कुणाच्याच न्हाणीला नसायचं. परसात तीन बाजूंनी लाल दगडाच्या भिंती, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा, कोपऱ्यात पाण्याची चूल आणि वर आभाळ. आभाळाला कोण लाजतंय? सकाळची कामं उरकली की आई निवांत अंघोळीला बसायची. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तेव्हा तिला हाक मारलेली चालायची नाही.

मग शेजारच्या अडत्यानं माडी बांधली आणि तिची खिडकी काढली ती नेमकी आमच्या न्हाणीवर. वरची खोली कचेरीतल्या कारकुनांना भाड्यानं दिली. एके दिवशी आईनं डोक्यावर तांब्या ओतून वर बघितलं, तर खिडकीत एक जण दात घासत उभा. हटलासुद्धा नाही मेला! आई ओल्या अंगावर लुगडं गुंडाळून घरात आली आणि माझ्यावरच ओरडली.

वडील शाळामास्तर. भांडण म्हटलं की ते चार पावलं मागं सरायचे. तरी गेले. अडत्या गोड बोलला.

"मास्तर, खिडकी हवेसाठी हाय. तुमच्याकडं कोण बघायलंय? अक्का मला बहिणीवानी हायत."

न्हाणीवर पत्रा टाकतो म्हटलं, तर मधली भिंत माझी, तिच्यावर पत्रा टेकवायचा नाही म्हणाला. चटया बांधल्या, त्या वाऱ्यानं उडून गेल्या. मी रोज त्या खिडकीला शिव्या घालायचे. शिव्यांनी खिडकी बुजते होय?

शेवटी वडील ओळखीच्या वकिलाला घरी घेऊन आले. तो म्हणाला, "दावा लावू. बायकांच्या आडपडद्याचा हक्क काही ठिकाणी कोर्टानं मानलाय. पण इथं तशी वहिवाट आहे हे दाखवावं लागेल. तुमच्या घरातल्या बायका गोषा पाळतात का?"

गोषा! माझी आई मादन हिप्परग्याच्या शेतकऱ्याची लेक. माहेरी ज्वारी काढलेली, इथं सरकारी नळावर घागरीसाठी चार बायकांना पुरून उरणारी. ती दाराआडूनच कडाडली.

"मी तोंड झाकत न्हाई, म्हणून काय माझं अंग समद्यांनी बघायचं व्हय?"

वकील हसला. "अक्का, कोर्टात असं बोलायचं नाही."

दावा चालला. कोर्टानं जागा बघून यायला एक कमिशनर नेमला. तो आला, बरोबर दोन्हीकडचे वकील, शिपाई आणि अडत्या. सगळे माडीवर चढले. आमच्या न्हाणीवर नुसती डोकीच डोकी. वरून आवाज आला, "खाली कुणीतरी थांबा. किती दिसतंय ते लिहायचंय."

वडील लगबगीनं स्वतःच जाऊन उभे राहिले.

"तुम्ही नव्हे मास्तर. बाईमाणूस पाहिजे."

मी पुढं झाले. आईनं दंडाला धरून मला मागं ओढलं, पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि ती न्हाणीत गेली.

"बसा अक्का. अंघोळीला बसता तसं."

आई बसली. भिंतीकडं तोंड करून, कोरड्या दगडावर.

"जरा इकडं सरका."

ती सरकली. मला वाटत होतं, चुलीजवळचा धोंडा उचलावा आणि त्यातल्या एकाच्या टाळक्यात घालावा. उचलला नाही. वडील गोणपाटाची कड धरून उभे होते. पडदा ओढावा की तसाच धरून ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं.

कमिशनरनं खरं तेच लिहिलं. बसलेली बाई पूर्ण दिसते. तरी दावा फेटाळला गेला. या घरच्या बायका नळावर, बाजारात उघड्या तोंडानं जातात, गोषाची वहिवाट शाबीत होत नाही. वकील हे समजावून सांगत होता तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"म्हंजी त्यांला दिसायलंय, हे खरं हाय?"

"खरं आहे."

"मग?"

वकिलानं चष्मा पुसला. वडिलांनी अपिलाचं नाव काढलं, तर आईनं हातच जोडले. "नगं. आता आनिक कुणाला बसून दाखवू?"

तेव्हापासून ती स्वयंपाकघरातल्या मोरीवर, दार लावून, अंगावर लुगडं तसंच ठेवून भराभर पाणी घ्यायची. तिच्या अंघोळीला वेळच लागेनासा झाला.

पुढं माझं लग्न झालं. अडत्या माडी विकून गेला आणि नव्या मालकानं कपाट करायचं म्हणून ती खिडकी बुजवून टाकली. कुणी न सांगता! माहेरपणाला आले होते तेव्हा मी बघितलं आणि मला कोण आनंद झाला. न्हाणी घासून काढली, चूल पेटवली, कढत पाणी काढून आईला हाताला धरून नेलं. पडदा लावून मी बाहेर उभी राहिले.

ती लगेच बाहेर आली. कोरडीच.

"कामून गं? खिडकी न्हाई आता."

"बघितलं की." तिनं पाण्याची बादली उचलली आणि मोरीकडं निघाली. "बसले व्हते. पर वरनं कुणी सरका म्हणतंय का, तेच ऐकत बसले."