रोज पावणेसातला मरणारे काका

आमच्या गल्लीत एक गृहस्थ रोज संध्याकाळी पावणेसातला मरायचे आणि सव्वासातला सायकल हातात धरून घरी यायचे. आम्ही पोरं त्यांना मेलेले काका म्हणायचो. तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण ते समोर दिसले की आम्ही तिथे उरतच नव्हतो.

तेव्हा टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि बातम्यांच्या आधी लोकांना शहाणं करायला एखादी छोटी फिल्म दाखवायचे. त्या फिल्मा करणाऱ्यांना काळीज नावाचा अवयव नसावा. एकीत तळ्याच्या काठावर नुसत्या दोन चपला दिसायच्या, लहान मापाच्या. एकीत टाकून दिलेल्या फ्रिजचं दार आतून वाजायचं आणि मग वाजायचं थांबायचं. संपलं. पुढे लगेच हसऱ्या चेहऱ्याची बाई बातम्या द्यायला हजर. आणि आमच्या मात्र घशाखाली घास उतरायचा नाही. हल्ली म्हणतात पोरांना असं घाबरवू नये. म्हणोत बापडे. आम्हाला घाबरवलं ते फार बरं केलं, असं माझं मत आहे, आणि मला त्यावर वाद घालायचा नाही.

सगळ्यांत भयंकर होती विजेची. एक माणूस कामावरून घरी येतो. डबा खिडकीत ठेवतो, मागच्या अंगणात जातो आणि कपडे वाळत घालायच्या तारेवरचा सदरा ओढतो. बोटं तारेभोवती मिटतात ती उघडतच नाहीत. आतून त्याचा भाऊ धावत येतो, त्याला खांद्याला धरून ओढायला जातो आणि तोही चिकटतो. मग खिडकीतला डबा, एका बाईचं रडणं, काळा पडदा आणि एक जाडा आवाज: ‘आधी बटण, मग माणूस.’

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तेव्हा बारा वर्षांचा होता. तो दाराच्या पडद्यामागे जाऊन उभा राहायचा आणि वर सांगायचा की मला तहान लागली होती. मी टेबलाखाली बसून बोटांच्या फटीतून सगळं बघायची. शेकडो वेळा बघितलं असेल.

तर तो पहिला मरणारा माणूस म्हणजे आमचे काका. आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे, वीज कंपनीत वायरमन होते. फ्यूज गेला की सगळी गल्ली त्यांच्याच दारात. ते शिडी घेऊन आले की मोठ्यांना हायसं वाटायचं आणि आमची पाचावर धारण बसायची. एकदा शेजारच्या चिमुरडीनं धीर करून त्यांना विचारलं होतं, मरताना दुखतं का. ते शिडीवरून म्हणाले, “आता सवय झाली.”

कंपनीनं ती फिल्म करायची ठरवली तेव्हा मरायला कोणी तयार होईना. अपशकुन नको, म्हणून एकेकानं अंग काढून घेतलं. काकांनी हात वर केला. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. ते नवे नवे नोकरीला लागले होते तेव्हा कामावर त्यांचा एक सोबती तारेला चिकटला. दुसरा त्याला धरायला धावला. काका मात्र उलट्या दिशेला धावले, बटणाकडे. बटण चाळीस पावलांवर होतं. ते बंद होईपर्यंत दोघेही गेले होते. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांच्या पाठीमागे एकच शब्द फिरला: पळाला. बरोबर केलं, असं चारचौघांत त्यांना कधी कोणी म्हटलं नाही.

शेवटचं ते वाक्यही काकांचंच. साहेबांना काहीतरी गोडगोड हवं होतं. माणसाच्या आधी बटण म्हणजे फारच निर्दय वाटतं, असं त्यांचं म्हणणं. काका हटून बसले. हे वाक्य नसेल तर दुसरा मेलेला शोधा, म्हणाले. दुसरा मेलेला मिळण्यासारखा नव्हता, म्हणून वाक्य राहिलं.

अर्ध्या दिवसाच्या चित्रीकरणाला दोन दिवस लागले ते मात्र काकांच्या हातामुळे. जुन्या वायरमनांची एक खोड असते. टेस्टर लावून झाला, बटण बंद केलं, तरी कुठल्याही वस्तूला पहिला स्पर्श उलट्या हाताचा. करंट असलाच तर हात झटकला जातो, मूठ आवळली जात नाही. काकांच्या ते इतकं अंगात मुरलं होतं की दाराची कडी, पाण्याचा नळ, दुसऱ्याच्या घरची खुर्ची, सगळ्याला आधी उलटा हात लागायचा. तावडीत सापडलेल्या पोराच्या डोक्यावरूनसुद्धा ते बोटांची मागची बाजू फिरवायचे. आणि इथे त्यांना सरळ हातानं तार पकडायला सांगितलेली. तारेत वीज नाही हे त्यांनी स्वतः तीनदा तपासलेलं, तरी प्रत्येक वेळी हात आपोआप उलटा होऊन पुढे जायचा. दिग्दर्शक रडकुंडीला आला. टीव्हीवर लागायची त्या फिल्ममध्येही, नीट बघितलं तर, तारेजवळ गेलेला हात क्षणभर वळतो आणि मग सरळ होतो. एवढ्या वेळा बघितल्यावर मला ते दिसायचं.

या सगळ्यात खरं मरण होतं ते काकूंचं. काकू घरी शाळेचे गणवेश शिवायच्या. पावणेसात वाजले की त्यांच्या मशीनचा आवाज एकदम वाढायचा. कापड असो नसो, त्या पाय मारत राहायच्या. पुढेपुढे त्यांना तेही पुरेना. बाजूच्या घरांतून तो जाडा आवाज भिंतीतून यायचाच. आपला धडधाकट नवरा रोज जातो आणि त्याच्यासाठी कोण कुठली परकी बाई गळा काढते, हे किती दिवस ऐकून घ्यायचं? त्या फार मागत नव्हत्या. नवऱ्याला एकच विचारायच्या: या फिल्मनं एक तरी माणूस वाचला का?

काकांच्या ऑफिसात पत्रं यायची, पण सगळी तक्रारींची. मुलगा अंथरूण ओलं करतो, मुलगी दिव्याचं बटण दाबू देत नाही, असली फिल्म लावणाऱ्यांना लाज वाटते का. वाचलेला माणूस कुठे पत्र लिहितो? त्याला आपण वाचलो हे ठाऊकही नसतं. तिसऱ्या वर्षी काका थकले. फिल्म बंद करावी असा अर्ज त्यांनी लिहिला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. सोमवारी साहेबांना द्यायचा होता. काकूंनी आमच्या कुंपणाशी येऊन हे माझ्या आईला सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच हसताना दिसल्या, असं आई म्हणाली.

ते शुक्रवारी. शनिवारी दुपारी आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आमची तार लोखंडी, एका टोकाला भिंतीतल्या हुकाला बांधलेली. त्याच हुकावरून बाहेरच्या दिव्याची वायर गेली होती आणि वर्षानुवर्षं घासून तिचं आवरण फाटलं होतं. मी पायरीवर बसून पाटी पुसत होते. ओली चादर तारेवर पडली आणि आईच्या तोंडून एक आवाज आला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही. तिची बोटं तारेभोवती मिटली होती.

मी नऊ वर्षांची होते. मला काही सुचलं वगैरे नाही. सुचायला वेळच नव्हता. ते सगळं मी बघितलेलंच होतं.

दादा स्वयंपाकघरातून धावत आला, हात पुढे करून, तोंडानं आई आई करत. थेट त्या फिल्ममधल्या भावासारखा. मी त्याच्या पायात पाय घातला. तो पायरीवर तोंडावर आपटला आणि त्याचा अर्धा दात पडला. “हात लावू नको,” एवढं ओरडून मी उलट्या दिशेला धावत सुटले, आईकडे पाठ करून. स्वयंपाकघर, मधली खोली, बाहेरची खोली. मेन स्विच दारामागे उंचावर होता. स्टूल ओढलं, वर चढले आणि दोन्ही हातांनी लोंबकळून तो दांडा खाली केला.

आई वाचली. तळहातावर आडवा काळा चट्टा आणि खांदा सुजलेला, एवढ्यावर निभावलं. डॉक्टर येऊन पट्टी बांधून गेले. पण घरात वेगळंच सुरू झालं. आमच्याकडे राहायला आलेली आत्या मधल्या खोलीत होती. तिनं मला पळताना बघितलं होतं, बाहेर जाऊन बघितलं तर दादाच्या तोंडातून रक्त. तिनं दोनात दोन मिळवले आणि दारात जमलेल्या बायकांना सांगून मोकळी झाली: आई तिकडे मरतेय, पोरगा वाचवायला धावला, तर ही कार्टी त्याला पाडून पळाली. मी टेबलाखाली जाऊन बसले. पळाले तर मी होतेच.

काका तार तपासायला आले तेव्हा आत्यानं त्यांनाही हेच ऐकवलं. त्यांनी मागे जाऊन हुक बघितला, वायर बघितली आणि मग येऊन टेबलाजवळ उकिडवे बसले. मेलेले काका माझ्यापासून एका हातावर होते आणि मला पळायला जागा नव्हती.

“कुठे पळालीस, बाळ?” त्यांनी विचारलं.

“बटणाकडे.”

“दादाला का पाडलंस?”

“तो धरणार होता.” मला रडू फुटलं. “तुम्हीच सांगता ना, आधी बटण.”

काका तिथेच, फरशीवर, मांडी घालून बसले. मग आत्याकडे न बघताच ते म्हणाले, “पोरगी पळाली नाही, ताई. पळून जाणं आणि बटणाकडे धावणं यात फार फरक आहे. दोन माणसं वाचवलीत तिनं.” आणि त्यांनी टेबलाखाली हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला. सरळ हात. अख्खा तळवा, खरखरीत आणि गरम. एवढ्या वर्षांनी हे लिहितानाही मला तो टाळूवर जाणवतो.

तेव्हा मला वाटलं त्यांनी माझी समजूत काढली. ते बोलणं त्यांना स्वतःलाही कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी ऐकवायला हवं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

साडेसहाला ते पुन्हा आले, या वेळी काकूंना घेऊन. मला म्हणाले, मला सांगितलंस ते हिला सांग. मी सांगितलं. दादानं अर्धा दात दाखवला. एव्हाना त्याला त्या दाताचा अभिमान वाटू लागला होता आणि पुढे आयुष्यभर त्यानं तो बसवून घेतला नाही. आत्या गप्प होती, हेही नोंदवून ठेवते.

पावणेसात झाले. टीव्ही लागलेलाच होता, बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. फिल्म सुरू झाली. काका दाराजवळच्या खुर्चीत, काकू पलंगावर आईच्या शेजारी. पडद्यावर डबा खिडकीत ठेवला गेला. दादा त्या दिवशी पडद्यामागे गेला नाही. मीही टेबलाखाली नव्हते, म्हणून मला काकू दिसत होत्या. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या. फिल्मभर त्या माझ्या आईकडे बघत होत्या. आई एका हातानं उशीचा अभ्रा सारखा करत होती, केस कानामागे घेत होती, जिवंत माणूस करतो ते सगळं करत होती. तिकडे ती परकी बाई रडली, जाडा आवाज त्याचं वाक्य बोलला, पडदा काळा झाला.

काकू उठल्या, काकांसमोर गेल्या आणि त्यांच्या खिशातला अर्ज काढून घेतला. त्याची घडी उघडलीसुद्धा नाही, तशीच मुठीत चुरगाळली.

“मरा रोज,” त्या म्हणाल्या. “माझी हरकत नाही.”

काका मान खाली घालून बसले होते. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. बातम्यांची बाई हसत हसत आली. तिचं कोणी ऐकत नव्हतं. आई पट्टीचा हात छातीशी धरून उठली आणि म्हणाली, “थांबा, चहा टाकते.”

फिल्म आणखी चार वर्षं चालली. माझी आई आणखी एकतीस.